अधू पायाचा दर्यावर्दी

मॅथ्यू मॉरी हा शेतकऱ्याचा पोर. जन्म १८०६ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. तो लहान असतानाच घरच्यांनी टेनेसीत जाऊन नवी जमीन कसायला घेतली. बाराव्या वर्षी मॅथ्यू उंच झाडावरून पडला आणि पाठीला जबर मार बसला. हा आता शेतकामाच्या उपयोगाचा नाही, असं पाहून वडिलांनी त्याला शाळेत घातलं. पडला म्हणून शिकला म्हणायचा!

थोरला भाऊ जॉन नौदलात होता. तो पीतज्वरानं गेला. एक मुलगा दर्यापायी गमावलेला बाप दुसऱ्याला कसा जाऊ देईल? तरी १८२५ साली, वडिलांची नाराजी पत्करून, मॅथ्यू नौदलात शिरलाच.

तेव्हा अमेरिकी नौदलाचं विद्यालय निघालेलं नव्हतं. जहाज हीच शाळा. हा पठ्ठ्या तोफेच्या गोळ्यांवर खडूनं गणितं मांडून ठेवी आणि पहाऱ्यावर येरझारा घालता घालता ती सोडवी. 'विन्सेन्स' जहाजातून तो १८३० साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. १८३६ मध्ये नौकानयनावर त्याचं पुस्तकही निघालं.

आणि १८३९ साली ओहायोत घोडागाडी उलटली. उजवा पाय मोडला, तो कायमचा अधू झाला. वय अवघं ३३, घरी बायकामुलं, आणि गलबतावरची नोकरी संपलेली.

१८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनला नकाशे व उपकरणांच्या कोठारावर नेमलं. तिथं नौदलाच्या जहाजांच्या जुन्या रोजनिशा धूळ खात पडल्या होत्या. इतरांच्या लेखी ती रद्दी. मॉरीनं पाहिलं की अमुक महिन्यात अमुक ठिकाणी वारा कुठून वाहतो, प्रवाह कुठं ओढतो, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. सहकाऱ्यांना हाताशी घेऊन त्यानं पानन्‌पान चाळलं आणि १८४७ पासून वाऱ्यांचे व प्रवाहांचे नकाशे छापायला लागला.

पुढच्याच वर्षी बाल्टिमोरचं एक व्यापारी गलबत त्याच्या नकाशावर विसंबून निघालं आणि ३८ दिवसांत ब्राझीलच्या रिओला पोचलं. एरवी ५५ च्या आसपास दिवस लागत. मग कप्तानांची रीघ लागली.

(पुढं १८६१ च्या यादवी युद्धात हाच माणूस गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडं गेला. एवढ्या बुद्धीला ते शोभलं नाही.)

नकाशा तो फुकट देई, पण सावडीच्या बोलीवर: कप्तानानं आपल्या सफरीतला रोजचा वारा, पाणी आणि हवा लिहून त्याच्याकडं पाठवायची.