बारशानंतर बाळंतिणीचं काय?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं. नावेतलं, बागेतलं, चांदण्यातलं, हौसेला मोल नाही. बाळ झालं की बाराव्या दिवशी बारसं. या दोन्ही समारंभांची तयारी मराठी घरांत कितीतरी आधी सुरू होते. बारशाचे पाहुणे परतल्यावर रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला कोण घेणार, हे मात्र बहुतेक घरांत ठरलेलंच नसतं.

पूर्वी ते ठरवावं लागत नसे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज होता. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिशवाल्या मावशी आणि सव्वा महिना विश्रांती, हे सारं आई-मावशांच्या हातून आपोआप होई. वैद्यकशास्त्रही बाळंतिणीला पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे देतं, म्हणजे आजीबाईंचा हिशेब चुकला नव्हता. आता आई स्वतः नोकरीत असते, नाहीतर तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असतं. मुलगी बंगळुरूत किंवा दुबईत. रिवाज उरला, तो पाळणारी माणसं पांगली.

जुनं सगळंच जपावं असंही नाही. कोंडलेल्या खोलीतली शेगडी आणि धुरी बाळाच्या फुप्फुसांना घातक आहे. बाळंतिणीचं पाणी तोडणं चूक, कारण अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी जास्तच लागतं. पहिलं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून बाळाला मध चाटवणं तर दुहेरी नुकसान. चिकात रोगप्रतिकारक द्रव्यं असतात, आणि मधातून तान्ह्या बाळाला बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. लाडू ठेवावेत, शेगडी विझवावी.

घरी येऊन कुणीतरी नीट पाहणं किती मोलाचं असतं, हे गडचिरोलीनं जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1990च्या दशकात 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, ही कामं त्या घरोघरी जाऊन करत. तिथले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं हे निष्कर्ष छापले आणि पुढे 2011 मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणं अपेक्षित असतं. या भेटी फक्त बाळाच्या वजनापुरत्या नसतात. आईची विचारपूसही त्यात येते. ती मोकळेपणी करून घ्यावी.

आधाराच्या सरकारी सोयीही माहीत असलेल्या बऱ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि घरापासून दवाखान्यापर्यंतची ने-आण मोफत आहे. दुर्गम आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ आहे. रस्ता नाही, नदीला पूर आहे, अशा गावची बाई दिवस भरत आले की तिथे आधीच येऊन राहू शकते.

नवऱ्याला आणि सासूला काही खुणा मात्र पाठच असाव्यात. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, ताप, घाण वास येणारा स्राव, तीव्र डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला दुखरी सूज, धाप लागणं. यातलं एकही दिसलं तर ‘बाळंतपणात होतंच’ म्हणत सकाळची वाट पाहायची नाही, 108 ला फोन लावायचा. बाळंतपणानंतर घरी आल्यावरही रक्तदाब धोकादायक चढू शकतो, हे अनेकांच्या गावीही नसतं.

मनाचं दुखणं याहून अवघड, कारण ते अंगावर दिसत नाही. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं ही नेहमीची गोष्ट आहे, ते बहुधा आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही उदासी, झोप उडणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं चालू राहिलं तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ‘आम्ही नाही का चार पोरं वाढवली’ हे वाक्य या काळात घरातल्या थोरांनी गिळून टाकलं तरी मोठी मदत होईल.

राहिला बाप. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या बापाला 15 दिवसांची रजा आहे; खासगी नोकरीतल्या बापासाठी असा देशव्यापी कायदा नाही, सगळं कंपनीच्या मर्जीवर. तेव्हा रजेचा अर्ज त्यानं आठव्या महिन्यातच द्यावा, आणि त्या रजेत रात्रीची एक पाळी स्वतःकडे घ्यावी.