मूल अजून बोलत नाही?

रबाळ्याच्या वस्तीत दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की दादी म्हणते, ‘याचा अब्बाही उशिराच बोलला.’ मग अम्मी गप्प बसते. खरं तर पहिली शंका तिलाच आलेली असते.

दोन महिन्यांचं बाळ आईकडे पाहून हसतं, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं, दीड वर्षापर्यंत चालतं. दोन वर्षांचं मूल ‘अम्मी, पानी’ असे दोन शब्द जोडतं. थोडं मागंपुढं होतंच. पण वर्षाचं बाळ हाकेला वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागलं असेल, तर थांबू नका. घरात उर्दू आणि बाहेर मराठी म्हणून मूल मुकं राहत नाही.

आधी कान तपासून घ्या. भांडं पडल्यावर दचकतं म्हणजे ऐकू येतं, असं नाही. मोठा आवाज पोचतो, बोलणं पोचत नाही, असंही असतं. वांद्र्याला केंद्र सरकारची वाणी व श्रवण संस्था 1983 पासून आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचंच नाव तिला आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. शंका डॉक्टरांना स्वतःहून सांगा, गर्दीत शांत मूल नजरेतून सुटतं. असं मूल पहिलीत आमच्याकडे येतं तेव्हा सहा वर्षं गेलेली असतात, आणि ‘लक्ष देत नाही’ म्हणून ते मागच्या बाकावर बसतं.

दुआ करत राहा. पण या आठवड्यात कान तपासायला न्या.