खण पाण्याने आपोआप भरते, पण तळं माणसांमुळे जिवंत राहतं



आपल्या गोव्यात चिऱ्याच्या कितीतरी खणी काम संपल्यावर तशाच पडून आहेत. पावसात त्या भरतात. मग कोणी त्यात कचरा टाकतो, कोणी फाटकी जाळी, आणि पोरं पोहायला उतरली की घरच्यांच्या जिवाला घोर. या खणींचं करायचं काय, असं सभासद विचारत असतात. म्हणून आज इंग्लंडमधल्या एका जागेची माहिती देतो. तीही एकेकाळी खणच होती.

*जागा कोणती?*

नॉटिंगहॅम शहराजवळ, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. तिथे १९२९ पासून बांधकामासाठी रेती आणि गोटे काढायला लागले. नदीकाठची जमीन, पाणी वरच लागायचं, त्यामुळे खोदलं की खड्डा भरायचा. अशी एकाला लागून एक तळी तयार झाली. १९६६ मध्ये तिथे निसर्ग राखीव क्षेत्र सुरू झालं. उद्घाटन टीव्हीवरचे प्रसिद्ध निसर्ग अभ्यासक डेव्हिड ॲटनबरो यांनी केलं. मात्र नाव गावाचं आहे, त्यांच्यावरून दिलेलं नाही. देखभाल नॉटिंगहॅमशायर वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था करते, आणि तिच्या मदतीला गावोगावचे स्वयंसेवक असतात.

*पाणी भरलं म्हणजे झालं का?*

नाही. खणीचे काठ उभे असतात. उभ्या काठाला उथळ पाणी नसतं, उथळ पाणी नाही तर पाणवनस्पती नाही, आणि पाणवनस्पती नाही तर माशांच्या पिल्लांना लपायला जागा नाही. खाडीत खारफुटीच्या मुळांत पिल्लं वाढतात ना, तसंच हे. म्हणून अशा तळ्यांचे काठ उतरते करावे लागतात.

दुसरी अडचण उलटी. काठाला बोरू वाढतो, त्याचा पाला कुजून गाळ चढतो, त्यावर विलोची झाडं उगवतात आणि हळूहळू तळ्याची जमीन होते. आपल्याकडचा ओहोळ साफ केला नाही तर बुजतो, तोच प्रकार. म्हणून स्वयंसेवक दरवर्षी बोरू आणि विलो कापतात. पण कापणी थंडीत उरकतात. वसंतात पक्षी घरटी करतात तेव्हा कोयता बंद. आपली १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी ज्या विचाराने असते, त्याच विचाराने.

तिसरं काम तणाचं. हिमालयातला एक तेरडा बागेसाठी म्हणून तिकडे नेला आणि तो नदीकाठांवर माजला. थंडीत तो मरतो, काठ उघडा पडतो आणि माती वाहून जाते. बी धरायच्या आत तो हाताने उपटावा लागतो. शेंग एकदा फुटली की बिया कित्येक मीटर लांब उडतात, आणि पुढच्या वर्षी काम दुप्पट. आपल्या तळ्यांतली जलपर्णी बाहेरून आली, त्यांना आपल्याकडचा तेरडा गेला. हिशेब बरोबर झाला म्हणायचा!

यात मोठी यंत्रं फारशी लागत नाहीत. हातमोजे, विळे-कोयते आणि ठरलेल्या दिवशी येणारी माणसं लागतात. शिवाय पक्षी मोजायचे. ब्रिटनमध्ये १९४७ पासून स्वयंसेवक पाणपक्ष्यांची नियमित मोजणी करतात. तळं सुधारतंय की बिघडतंय हे वहीवरून कळतं. नुसत्या आठवणीवर भांडणं होतात.

*आपल्या धंद्याशी जवळची गोष्ट*

हंस खडे गिळतात, त्याने त्यांच्या पोटात अन्न दळलं जातं. इंग्लंडमध्ये गळाने मासे पकडणाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्या तळाशी पडून राहायच्या. हंस खडे समजून त्या गिळायचे आणि शिशाच्या विषाने मरायचे. शेवटी १९८७ मध्ये बहुतेक आकारांच्या अशा गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आली. गळवाल्यांनी दुसऱ्या धातूची वजनं घेतली. मासेमारी चालू राहिली आणि हंसही वाढले. आपल्या जुन्या जाळ्यांची शिशी कुठे पडतात, हे आपणही बघायला हवं. भंगारात त्याला दर मिळतो, पाण्यात टाकून काय मिळतं?

*जमीन शेवटी कोणाची?*

इतकी वर्षं तळी सांभाळली ट्रस्टने, पण जमीन रेती काढणाऱ्या कंपनीकडेच होती. ती विक्रीला निघाली तेव्हा लोकांनी वर्गणी दिली आणि २०२० मध्ये ट्रस्टने ती विकत घेतली. सांभाळणारे हात तयार होते म्हणून ते जमलं. बेवारस तळ्यासाठी वर्गणी कोण देणार?

*आपण काय करू शकतो?*

चिऱ्याची खण म्हणजे रेतीची खण नव्हे. बऱ्याच खणी उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे सगळीकडे तिकडची नक्कल चालणार नाही. पण एवढं करता येईल:

१. खण कोमुनिदादची, पंचायतीची की खाजगी, हे आधी बघा. परवानगीशिवाय हात लावू नका.

२. फाटकी जाळी, होडीचे फायबरचे तुकडे, इंजिनाचं जुनं तेल खणीत टाकणं आजपासून बंद.

३. थाई मागूर सोडू नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि तो बाकीचे मासे खाऊन टाकतो.

४. परवानगी मिळाली तर एका बाजूचा काठ उतरता करा. पिल्लांना जागा होते, आणि पडलेल्या पोराला किंवा गुराला वर यायला वाट मिळते.

५. महिन्यातून एकदा पाणी किती, कुठले पक्षी आणि मासे दिसले, ते वहीत लिहा.

खाजनाचे बांध आणि मानशी गावाने मिळून राखायच्या, ही रीत आपली जुनीच आहे. बांध एक वर्ष सोडला तर खारं पाणी शेतात शिरतं, हे कोणी आपल्याला शिकवायला नको. तळ्याचंही तसंच.

ज्यांच्या वाड्यावर अशी खण आहे त्यांनी संस्थेला कळवावं: मालक कोण, मे महिन्यात पाणी राहतं का, आणि आत काय टाकलं जातं. ज्या खणीत मे अखेरपर्यंत पाणी टिकतं, तिथून सुरुवात करू.

आपला,
सचिव