संभाषणाच्या समाप्तीची इत्तला

दूरध्वनीवर दोन माणसांस जोडून देणे हे यंत्रविद्येचे जितके मोठे कर्तव्य, तितकेच त्यांचे बोलणे संपल्याची इत्तला दोन्ही टोकांस बिनचूक पोहोचविणे हेही होय. या दुसऱ्या कर्तव्यात कसूर झाली, तर संपलेले संभाषणही तारेवरचा आपला ताबा सोडीत नाही.

1882 साली मुंबईत एक्स्चेंज उघडले त्या काळच्या मॅग्नेटो पद्धतीत बोलणे आटोपताच ग्राहक दांडा फिरवून वर्दी देई. पुढे मध्यवर्ती बॅटरीची पद्धत आल्यावर रिसीव्हर ठेवताच फलकावर दिवा उजळे, आणि तो पाहून ऑपरेटर दोर उपसून घेई. अमेरिकेतील अल्मन स्ट्राउजर यांस 1891 साली स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळाले, 1892 साली इंडियानातील ला पोर्ट येथे तसे एक्स्चेंज सुरू झाले, आणि दिवा पाहून निर्णय करणारा मनुष्य हळूहळू मध्यस्थीतून दूर झाला.

ग्राहकाच्या तांब्याच्या दोन तारांवर एक्स्चेंज सुमारे 48 व्होल्टचा दाब ठेवते. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहतो, ठेवला की तुटतो, आणि ग्राहकाने बोलणे संपविल्याचे एक्स्चेंजला तत्क्षणी उमगते. उलट दिशेची वार्ता मात्र इतकी सुलभ नाही. पलीकडच्याने फोन ठेवल्यावर कानी पडणारा टोन ऐकून मनुष्य आपणहून रिसीव्हर ठेवतो. परंतु तारेच्या टोकाशी मनुष्याऐवजी कचेरीतील अंतर्गत फोन जोडणारे ईपीएबीएक्स यंत्र अथवा तार व अंकीय जाळे यांस जोडणाऱ्या गेटवेचे पोर्ट असेल, तर स्पष्ट खूण मिळेपर्यंत ते मंडल मिटूनच बसते, आणि मागाहून फोन करणाऱ्यास ती लाइन व्यग्रच आढळते.

अशी खूण देण्याच्या तीन तऱ्हा रूढ आहेत. पहिलीत एक्स्चेंज प्रवाह अल्पकाळ, बहुधा सेकंदाच्या काही अंशापुरता, खंडित करते. दुसरीत उत्तर मिळताच तारांची ध्रुवता उलटविली जाते व संभाषण संपताच पूर्ववत केली जाते. आपल्याकडील एसटीडी बूथमधील मीटरांनाही आकारणीचा आरंभ व अंत ठरविण्यास ही तजवीज उपयोगी पडे. तिसरी तऱ्हा टोनची, आणि तीच सर्वांत दुर्बळ. कारण तो टोन मनुष्याच्या कानासाठी योजिलेला आहे, यंत्राला त्यावरून केवळ अनुमान करावे लागते. भारतातील बिझी टोन 400 हर्ट्झचा असून पाऊण सेकंद वाजून पाऊण सेकंद थांबतो. उत्तर अमेरिकेतील 480 व 620 हर्ट्झचे मिश्रण असून अर्धा सेकंद वाजून अर्धा सेकंद थांबते. सबब तिकडच्या टोनसाठी बेतलेला गेटवे इकडे तसाच जोडला, तर संभाषण संपल्याचे त्यास ओळखता येत नाही.

अंकीय जाळ्यांत ही अनिश्चितता उरत नाही. आयएसडीएनमध्ये समाप्तीचा संदेश कारणासह येतो: 16 म्हणजे नित्याची समाप्ती, 17 म्हणजे ग्राहक व्यग्र. इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणासाठीच्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या सिपच्या मानकात एक टोक ‘बाय’ पाठविते आणि दुसरे त्याची पोच देते. गेटवे तारेची व अंकीय अशा दोन व्यवस्थांच्या सीमेवर उभा असतो. ‘बाय’ आल्यावर जोडलेल्या ईपीएबीएक्सकडील प्रवाह त्याने खंडित केला नाही, तर जगाच्या दुसऱ्या टोकावरून अचूक आलेली वार्ता अखेरच्या काही हातांवर नष्ट होते.

म्हणून नवी लाइन घेतानाच समाप्तीची खूण प्रवाहखंडाने मिळणार की ध्रुवतेने, याचा लेखी खुलासा सेवा देणाऱ्याकडून घ्यावा, गेटवेची दोन्ही अंगे त्याबरहुकूम बसवावीत, आणि टोनवर विसंबणे केवळ नाइलाज म्हणून, तेही संभाषणास कालमर्यादा घालूनच, पत्करावे. एवढ्या दक्षतेने, साहाय्यासाठी फोन करणाऱ्या कोणा गरजवंताची वाट संपून गेलेल्या बोलण्याने अडणार नाही.