मनाचे उपचार गांवापर्यंत

गडचांदूर हें चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यांतील सिमेंटच्या कारखान्यांचें गांव. आसपास चुनखडीच्या खाणी, कापसाचीं शेतें, माणिकगडचे डोंगर आणि त्यांपलीकडे तेलंगणाची सीमा. पाळीवर जाणारा कामगार, कोरडवाहू शेतकरी आणि डोंगरावरील गोंड व कोलाम कुटुंबें यांचा संसार या परिसरांत शेजारीं शेजारीं चालतो. अशा ठिकाणीं एखाद्या गृहिणीची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशांतच मन रमेनासें झालें, तर ती काय करिते? प्रथम अंगदुखीची गोळी घेते. मग उपास-नवस होतात. कोणी बाहेरची बाधा समजून तिला जाणत्याकडे नेतात. विदर्भाचें शासकीय मनोरुग्णालय नागपुरास, म्हणजे सुमारें २०० किलोमीटर दूर. तेथें जाणें म्हणजे मजुरी बुडविणें, गाडीभाडें भरणें, मुलें शेजाऱ्यांच्या हवालीं करणें. आणि या सर्वांहून जड म्हणजे "वेड्यांच्या इस्पितळांत नेलें" हा बोभाटा.

ही अडचण एका गांवाची नव्हे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, निरनिराळ्या मनोविकारांनीं पीडित असलेल्यांपैकीं शेंकडा ७० ते ९२ लोक उपचारांवांचून राहतात. देशांत मनोविकारतज्ज्ञ थोडे, आणि जे आहेत ते बहुधा शहरांत. तेव्हां प्रत्येक गांवीं तज्ज्ञ नेमूं म्हणणें व्यर्थ होय. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे: या उपचारांतील कोणता भाग तज्ज्ञावांचून होऊं शकेल?

त्याचें उत्तर गोव्यांत मिळालें. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं तेथें 'संगात' ही संस्था काढली. मानसोपचाराचें पूर्वशिक्षण नसलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांस तिनें शिकवून तयार केलें व प्राथमिक आरोग्यकेंद्रांत बसविलें. ते औषध देत नसत. खिन्नतेनें ग्रासलेल्या मनुष्याशीं आठवड्यांतून एकदां अर्धापाऊण तास, असें सहा ते आठ वेळां ते बोलत. हें बोलणें केवळ धीराचें नसे. त्यास एक शास्त्र आहे. खिन्न मनुष्य माणसांतून व कामांतून अंग काढून घेतो. त्यामुळें आनंदाचे प्रसंग कमी होतात. आणि ते कमी झाल्यानें खिन्नता अधिक वाढते. हें चक्र कोठें तरी तोडावें लागतें. "मन प्रसन्न झालें म्हणजे काम करीन," असें रोगी म्हणतो. उपचार सांगतो कीं, आधीं हात हालूं दे, मन मागून येईल. परसांतील वेलास पाणी घालणें, भजनास जाऊन बसणें, अर्धवट राहिलेली गोधडी पुन्हां हातीं धरणें, असें एक लहानसें काम ठरवावयाचें आणि पुढच्या भेटींत त्याचा अनुभव विचारावयाचा. २०१७ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, असा उपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ जण तीन महिन्यांत खिन्नतेंतून बाहेर आले. नेहमींची शुश्रूषा मिळालेल्यांत हें प्रमाण ३९ होतें.

विदर्भांतच अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत याच धर्तीवर 'विश्राम' हा उपक्रम झाला. गांवांतील कार्यकर्त्या घरोघर जाऊन या दुखण्याविषयीं बोलत, समुपदेशक धीरानें ऐकत, आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाची भेट घडे. आरंभीं खिन्न लोकांपैकीं शेंकडा ४ जणच कोणाकडे तरी उपचारासाठीं जात. दीड वर्षांत ते प्रमाण २७ वर गेलें.

येथें अंतराइतकेंच महत्त्व भाषेला आहे. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथें डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं दवाखान्यांच्या अंगणांत बांकें टाकून त्यांवर गांवच्या आज्यांना बसविलें. त्या आज्या रोगाचें शास्त्रीय नांव घेत नाहींत; तेथील लोक ज्यास 'अति विचार करणें' म्हणतात त्याविषयीं विचारतात. आपल्याकडेही "तुम्हांस मनोविकार आहे काय?" असें विचारल्यास दार बंद होईल, "झोप लागते काय? जीव कशांत रमतो काय?" असें विचारल्यास तें उघडेल. गडचांदूरच्या परिसरांत हा प्रश्न मराठीबरोबरच गोंडी, कोलामी व तेलुगूतही विचारतां आला पाहिजे. शेजारच्या गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं शोधग्रामांतील रुग्णालय आदिवासींना परकें वाटूं नये म्हणून झोपड्यांसारखें बांधविलें व त्यास दंतेश्वरी देवीचें नांव दिलें. रुग्णानें इमारतीस भिऊं नये, हाही उपचाराचाच आरंभ होय.

तथापि या पद्धतीच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. ज्यास भास होतात, ज्याच्या बोलण्यांतून जीव देण्याची भाषा येते, त्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे पोंचविणें हें समुपदेशकाचें पहिलें कर्तव्य. शिकविलेल्यांवर सतत देखरेखही हवी. गोव्यांत भेटींचें ध्वनिमुद्रण ऐकून समुपदेशक एकमेकांचें काम तपासीत. आणि आधींच कामानें वांकलेल्या आशा सेविकेवर मोबदल्यावांचून हेंही ओझें टाकिलें, तर गांवाचें दुःख एका घरांतून उचलून दुसऱ्या घरांत ठेविल्यासारखें होईल.

कायद्यानें वाट मोकळी केली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्यानें शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें. परंतु ज्या घरांत दूरध्वनि नवऱ्याच्या खिशांत असतो, त्या घरच्या स्त्रीस हा क्रमांक पुरेसा नाहीं. तिच्यासाठीं दवाखान्याच्या ओट्यावर, ज्वराच्या व खोकल्याच्या रोग्यांच्या शेजारींच, कोणी ऐकणारें माणूस बसलेलें हवें. म्हणजे ती कशासाठीं आली हें गांवास कळणार नाहीं, आणि नागपूरची वाट धरण्यापूर्वींच तिचें निम्में ओझें उतरलेलें असेल.