घरोघरीच्या चित्रफिती : जतनाची निकड

१९८२ साली दिल्ली येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्याच वर्षी देशात रंगीत दूरचित्रवाणीचे पर्व सुरू झाले. पाठोपाठ व्हीसीआर हे यंत्र शहरांतून व पुढे तालुक्याच्या गावांतूनही पोहोचले. लग्न, मुंज, साठीशांत, गावची जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगांचे चित्रीकरण करून घेण्याची प्रथा रूढ झाली. त्या काळातील असंख्य फिती आज कपाटाच्या वरच्या खणात, माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत पडून आहेत. त्यांत दिसणारी कित्येक वडीलधारी माणसे आज हयात नाहीत. त्यांचे बोलणे, चालणे आणि हसणे एवढ्या एकाच ठिकाणी उरले आहे. हा ठेवा संगणकावर पाहता येईल अशा अंकीय, म्हणजेच डिजिटल स्वरूपात उतरवून घेण्याचे काम आता लांबणीवर टाकण्याजोगे राहिलेले नाही.

फीत का बिघडते?

घरोघरी प्रचलित झालेली व्हीएचएस पद्धती जपानमधील जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. या कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची पॉलिस्टरची पट्टी असते आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा थर एका बंधक द्रव्याच्या साहाय्याने बसविलेला असतो. चित्र व आवाज या कणांमध्ये साठविलेले असतात. हवेतील दमटपणामुळे बंधक द्रव्याचे हळूहळू विघटन होते, फीत चिकट बनते आणि कण सुटू लागतात. चुंबकीय संकेतही काळानुसार क्षीण होतो. परिणामी रंग फिके पडतात, चित्र थरथरते आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटतात.

कोकणपट्टीत व मुंबईत पावसाळ्यातील दमट हवेमुळे बुरशीचा धोका अधिक संभवतो. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरट भुकटी किंवा डाग दिसल्यास ती फीत यंत्रात मुळीच घालू नये. तसे केल्यास ती फीत फाटू शकतेच, शिवाय बुरशी यंत्राच्या हेडला चिकटून पुढील चांगल्या फितींनाही तिचा संसर्ग होतो. अशी फीत वेगळी ठेवून जाणकार तंत्रज्ञाकडूनच स्वच्छ करून घेणे हिताचे ठरते.

यंत्रे दुर्मीळ

फीत सुस्थितीत असली तरी ती चालविणारे यंत्र हवे. जपानमधील फुनाई या कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. तेव्हापासून जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीवरच सारी भिस्त आहे. व्हीसीआरमधील हेडचे पिंप आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेते. असे नाजूक भाग झिजल्यावर नवे मिळणे कठीण असते आणि ते बसविणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ सालीच असा इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत अंकीय स्वरूपात न आलेल्या चुंबकीय फिती बहुतांशी कायमच्या गमवाव्या लागतील. हा इशारा मोठ्या संग्रहालयांसाठी असला तरी घरातील फितीचे द्रव्य आणि यंत्र त्याहून निराळे नाही.

रूपांतराची रीत

रूपांतराची कृती समजण्यास सोपी आहे. व्हीसीआरमधून चित्रासाठी पिवळी आणि आवाजासाठी पांढरी व लाल अशा तीन तारा निघतात. त्या एका छोट्या रूपांतरक उपकरणाला जोडतात व ते उपकरण संगणकाला जोडले जाते. फीत चालू केली की संगणक ते चित्र नोंदवून घेतो. यात घाई करता येत नाही. तीन तासांच्या फितीला तीन तास द्यावेच लागतात. म्हणून फिती पुष्कळ असल्यास सर्वांत जुन्या व सर्वांत मोलाच्या फिती प्रथम घ्याव्यात. भाड्याने आणून उतरवून घेतलेले चित्रपट अन्यत्र उपलब्ध असतात. आजीच्या ओव्या मात्र दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत.

आरंभी कॅसेटच्या मागील बाजूची प्लास्टिकची चकती तोडून टाकावी, म्हणजे चुकून पुनर्मुद्रण होऊन मूळ चित्र पुसले जात नाही. थंड खोलीतून आणलेली फीत काही तास खोलीच्या तापमानाला राहू द्यावी. काम दुकानातून करून घ्यावयाचे असल्यास प्रथम एकच फीत द्यावी, तिची प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून आवाज व चित्र जुळतात याची खात्री करावी आणि मगच बाकीच्या सोपवाव्यात.

व्हीएचएस फितीतील मूळ तपशील मर्यादित असल्याने मोठ्या आकड्यांच्या भपक्याला भुलण्याचे कारण नाही. डीव्ही या पद्धतीने नोंद केल्यास एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर सुमारे ७५ तासांचे चित्रण मावते. नातेवाइकांना पाठविण्यासाठी यावरून लहान आकाराची प्रत सहज करता येते.

प्रती आणि नोंदी

अंकीय प्रतही अमर नसते. पूर्वी अनेकांनी आपल्या फिती डीव्हीडीवर उतरवून घेतल्या, परंतु अशा तबकड्यांचाही थर कालांतराने खराब होतो. यास्तव निदान तीन प्रती कराव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, मुलीच्या अथवा भावाच्या घरी असावी. दर काही वर्षांनी त्या उघडून पाहाव्यात व नव्या साधनावर उतरवाव्यात. मूळ फीतही टाकून देऊ नये. ती कोरड्या जागी, उन्हापासून दूर, पुस्तकाप्रमाणे उभी ठेवावी.

या सर्वांबरोबर आणखी एक काम तितकेच निकडीचे आहे. चित्रातील माणसे ओळखणारी पिढीही वयोवृद्ध होत चालली आहे. रूपांतर झाल्यावर घरातील ज्येष्ठांना शेजारी बसवून चित्र पाहावे. कोण कोणाचे, गाव कोणते, साल कोणते, हे विचारून लिहून ठेवावे आणि फाइलला त्याप्रमाणे नाव द्यावे. यंत्र कदाचित पुढेही कोठेतरी मिळेल. मांडवाच्या कोपऱ्यात उभे असलेले ते गृहस्थ कोण, हे सांगू शकणारे माणूस मात्र आज घरात आहे तोवरच विचारून घ्यावयास हवे.