मजकुरात नसलेला शब्द

चौथीच्या मुलांना 'धड्याचा सारांश लिहा' म्हटले, की वह्यांत काय सापडते? धड्याचे पहिले वाक्य, मधली एक-दोन आणि शेवटचे. बिद्रीजवळच्या एका शाळेत आम्हीही हेच पाहिले. मुले आळशी नव्हती. शब्द बदलले तर चूक होईल, ही त्यांची भीती. प्रश्नोत्तरांत धड्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवले की गुण मिळतात. मग ही भीती खोटी कशी म्हणावी?

अमेरिकेत अॅन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिनमहत्त्वाचे आणि पुन्हा आलेले गाळणे पाचवीच्या मुलांना जमते, असे त्यांना दिसले. पण मजकुरात नसलेले मुख्य वाक्य स्वतः तयार करणे फार अवघड जाते. तिथे महाविद्यालयातले विद्यार्थीही अडखळतात.

बिद्री म्हणजे साखर कारखान्याचे गाव, सगळा मुलूख उसाचा. म्हणून आम्ही पुस्तक मिटले आणि फळ्यावर लिहिले:

'ऊस चरकात घालतात. रस काहिलीत ओततात. खाली चुलाण पेटवतात. उकळत्या रसात भेंडीचे पाणी घालतात. वर आलेली मळी काढतात. रस आटला की वाफ्यात ओततात. मग ढेपा पाडतात.'

हे कशाविषयी आहे?

"गूळ करत्यात त्ये!" सगळा वर्ग ओरडला. 'गूळ' हा शब्द फळ्यावर कुठेच नव्हता. तो मुलांनी घातला होता. हे दाखवून दिल्यावर मुले स्वतःच चकित झाली.

आता हेच आजीला एका वाक्यात सांगा, असे म्हटले. एकाने मळी गाळली, आणि भांडण जुंपले. "मळी ऱ्हायली तर गूळ काळा हुतोय," म्हणून मळी राहिली. चुलाण गेले, कारण 'आटवून' म्हटले की जाळ आलाच. काय गाळायचे हे विषय ठाऊक असल्यावाचून ठरत नाही. बोलीतले वाक्य पक्के झाल्यावरच ते प्रमाण भाषेत लिहून घेतले: 'उसाचा रस आटवून आणि मळी काढून गूळ करतात.' क्रम उलटा केला असता, तर पुन्हा उतरवलेली वाक्येच हाती आली असती, असे आम्हाला वाटते.

पुढच्या आठवड्यात दीपगृहावरचा परिच्छेद घेतला. तीच मुले पुन्हा वाक्ये उतरवू लागली. समुद्र पाहिलेले वर्गात कोणी नव्हते. तो तास आम्ही दीपगृह म्हणजे काय, रात्री होडीला किनारा कसा कळतो, हे बोलण्यातच घालवला. सारांश त्या दिवशी लिहिलाच नाही.